बरोबर आहे तुझं, ऑस्विन

मी रेडिओ बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, सवय जात नाही म्हणून मनातल्या मनात पुटपुटतोय. माझ्या पोटातले दिवे कधीच गेले, तारांना गंज चढला आणि दुकानवाली धनमती मावशी माझ्या डोक्यावर रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवते. पण एके काळी त्रिनिदादच्या या डोंगरउतारावर माझ्याइतकं बोलकं कोणी नव्हतं. एक ऑस्विन सोडला तर.

माझा जन्म थंड मुलखातला. तिथल्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. गुळगुळीत लाकडाची पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, दोन मोठी बटणं आणि कपाळावर एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो डोळा काठोकाठ हिरवा व्हायचा. मला त्याचा फार गर्व होता.

पहिला मालक उसाच्या मळ्याचा गोरा मॅनेजर. तो संध्याकाळच्या बातम्या ऐकायचा, रविवारी प्रार्थना ऐकायचा आणि कान पिळून मला गप्प करायचा. त्याच्या घरात कोणी कोणाला उलट बोलत नसे. बायको म्हणायची, हो डिअर. नोकर म्हणायचे, हो साहेब. मला वाटायचं, माणसं अशीच असतात. देश स्वतंत्र झाला तशी त्याने बोजाबिस्तरा आवरला आणि जाता जाता मला धनमती मावशीच्या नवऱ्याला विकलं. त्याने मला आपल्या रमच्या दुकानात, मावशीच्या गल्ल्यामागच्या फळीवर बसवलं. मी खऱ्या अर्थाने माणसांत आलो तो तिथे.

तळलेल्या माशांचा वास, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटल्याचा आवाज आणि सकाळपासून वाद. क्रिकेटवरून वाद, गाण्यांवरून वाद, कोणाच्या आजीचा हात सुगरणीचा होता यावरूनही वाद. त्या दुकानाचा एकच कायदा होता, आणि तो आजही आहे: थट्टेत जो चिडला तो हरला, आणि हरला त्याने सगळ्यांना पाजायची. समोरचा तुमच्या टकलावर बोलो, बायकोवर बोलो, तुम्ही हसायचं आणि त्याहून जहाल परतफेड करायची. माफी मागायची पद्धत नाही. माफी मागितली म्हणजे थट्टा खोटी नव्हती असं कबूल केल्यासारखं होतं.

या कायद्यातले दोन पट्टीचे वकील म्हणजे क्लायटस आणि ऑस्विन. क्लायटस पॅनला सूर लावणारा. तेलाचं पिंप कापून, त्याचं तोंड हातोडीने ठोकून ठोकून त्यात सूर बसवतात, ते आमचं वाद्य. सूर चिमूटभर हलला तरी वाद्य बेसूर होतं, आणि क्लायटसची हातोडी कधी हलली नाही. डोंगरावरचा सगळा वाद्यवृंद त्याच्या कानावर चालायचा. ऑस्विन टॅक्सी चालवायचा. त्याच्या टॅक्सीचं एक दार तारेने बांधलेलं होतं आणि तोंडाला मात्र काहीच बांधलेलं नव्हतं.

त्यांचा जुना, मुरलेला वाद डेल्मारवरून. डेल्मार आमच्याच बेटाचा सलामीचा फलंदाज. एका सामन्यात तो अख्खा दिवस नुसता चेंडू अडवत राहिला आणि हरलेला सामना वाचवला. त्या दिवसाचं धावतं वर्णन मीच ऐकवलं होतं. ऑस्विनचं म्हणणं, तो भित्रा होता. "दिवसभर भिंतीसारखा उभा राहिला, लेका. भिंतीला टाळ्या वाजवायच्या का?"

"तुझ्या घराची भिंत पडली की विचार मला," क्लायटस म्हणायचा.

"क्रिकेट म्हणजे जलद गोलंदाज. तो धावत येतो तेव्हा बायका पदर सावरतात. तुझ्या डेल्मारला बघून म्हाताऱ्या विणकाम काढायच्या."

"आणि तुझा जलद गोलंदाज दहा षटकांत धापा टाकत सावलीत बसतो. तुझ्या टॅक्सीसारखा."

दुकान हसायचं आणि पुढचा ग्लास भरायचा. गाण्यांचंही तसंच. क्लायटसला जुनी गाणी हवीत, ज्यात मंत्र्याची, पाद्र्याची, शेजारणीची फटफजिती शब्दांत बसवलेली असते. ऑस्विनला हवा दणदणाट. तो म्हणायचा, कार्निव्हलमध्ये नाचायचं ते पायांनी, आणि पायांना शब्द कळत नाहीत. क्लायटस म्हणायचा, तुझ्या डोक्यालाही कळत नाहीत, मग पायांना कशाला नावं ठेवतोस.

मला कोणी विचारलं नाही, पण मला विचाराल तर डेल्मार कंटाळवाणाच होता, आणि जुन्या गाण्यांतली अर्धी तर नुसती चहाडी. पण त्या दोघांना भांडताना ऐकणं हे सुख होतं. ऑस्विन दिवसभर गिऱ्हाइकं सोडायचा आणि वाटेत नवा मुद्दा सुचला की टॅक्सी वळवून दुकानात यायचा. मागे बसलेली बाई ओरडत राहायची. क्लायटस पाठमोरा बसला असेल तरी त्याचं पाऊल ओळखून म्हणायचा, "चूक." ऑस्विनने तोंडही उघडलेलं नसायचं. इतकं प्रेम मी नवराबायकोंतसुद्धा पाहिलं नाही.

मग क्लायटसचे कान जायला लागले.

हे पहिल्यांदा मला कळलं. तो माझ्याजवळ सरकून बसायला लागला. मावशीला म्हणायला लागला, जरा मोठा कर. मावशी म्हणायची, अजून मोठा केला तर मेलेले उठतील. मग त्याने मोठा कर म्हणणंच सोडलं. आयुष्यभर लोखंड ठोकणाऱ्याचे कान लोखंडच खातं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तो कोणाला सांगत नव्हता. हातोडी गेली तर डोंगरावर त्याला कोण विचारणार? तो भल्या पहाटे एकटाच वाद्यांच्या अंगणात जायचा, बोटं पत्र्यावर ठेवून थरथर जोखायचा आणि जुन्या आठवणीवर सूर लावायचा. आदल्या वर्षापर्यंत ते कसंबसं निभावलं होतं.

दुकानात तो तोंडं वाचायचा. ऑस्विनचं तोंड वाचायला सोपं होतं, कारण ते कायम उघडं असायचं. आणि माझं काही वाचायचं असलं की तो माझ्या हिरव्या डोळ्याकडे बघायचा. डोळा भरलेला असला म्हणजे मी गातोय किंवा बोलतोय. मग तो लोकांच्या बोटांकडे बघायचा, पायांकडे बघायचा, आणि त्यांच्या ठेक्यावर मान डोलवायचा.

ऑस्विनच्या ते लक्षात आलं. त्याने ते मनात ठेवलं असतं तर तो ऑस्विन कसला.

कार्निव्हल जवळ आला होता. नवी गाणी रोज वाजत होती. त्या दुपारी दुकान भरलं होतं. कोपऱ्यात वाद्यवृंदाचा कॅप्टन एल्डन डुकराच्या आंबटतिखट पायांची ताटली पुढ्यात घेऊन बसला होता. एल्डन हसणारा माणूस नव्हता. त्याच्यापुढे कार्निव्हलमधली वाद्यवृंदांची स्पर्धा होती. क्लायटस यायच्या आत ऑस्विनने मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशी आधी नको म्हणाली. मग तिलाच हसू फुटलं आणि तिने माझं आवाजाचं बटण पार खाली पिळलं. चालूबंदच्या बटणाला हात लावला नाही. मी पोटात गात होतो, बाहेर एक अक्षर येत नव्हतं, आणि माझा डोळा काठोकाठ हिरवा होता.

क्लायटस आला, नेहमीच्या जागी बसला. ऑस्विन माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ऐक. यंदाचं नवं गाणं. मला आवडलं. आता तू नावं ठेव."

मग ऑस्विनने टेबलावर बोटांनी बिनआवाजाचा ठेका धरला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. क्लायटसने माझ्या डोळ्याकडे पाहिलं, त्यांच्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यानेही मान हलवायला सुरुवात केली. दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. फक्त त्याला नाही.

"बरं आहे," तो म्हणाला. "पण दणदणाट जास्त. गायकाचे शब्द बुडतात."

कोणीतरी तोंडावर हात घेतला. ऑस्विनने चेहरा सरळ ठेवला. "आणि कडवं? शेवटचं?"

"शेवटचं कडवं तेवढं जमलंय."

"आणि सूर, क्लायटस? सूर कसा आहे? तू जाणकार."

क्लायटसने डोळे मिटले, जाणकार मिटतात तसे. "सूर जरा चढा लावलाय. आपल्या पॅनवर बसवायचं तर खाली घ्यावा लागेल. मी घेतो."

दुकान फुटलं. माणसं टेबलांवर डोकी आपटून हसली, मावशीने पदरात तोंड खुपसलं. आणि क्लायटसला वाटलं आपली कोटी जमली, म्हणून तोही हसला, आणि हसता हसता त्या गाण्याबद्दल आणखी बोलत राहिला. मला हसता आलं असतं तर मीही हसलो असतो. खोटं कशाला बोलू?

मग ऑस्विन उठला. त्याने क्लायटसचा हात धरला आणि माझ्या सोनेरी जाळीवर ठेवला.

त्या बोटांना थरथर कळत होती, दुसरं काही नाही कळलं तरी. ती बोटं माझ्या अंगावर पसरली, जरा सरकली, थांबली. माझं अंग निवांत होतं, थरथर नावालाही नव्हती. क्लायटसने हात काढला नाही. तो उभा होता, पाठ दुकानाकडे, तोंड माझ्याकडे. त्याचा चेहरा त्या वेळी फक्त मी पाहिला, आणि मी तो तुम्हाला सांगणार नाही.

मग तो वळला आणि हसला. कायदा होता ना. "झकास मारलास, ऑस्विन," तो म्हणाला. "मावशी, सगळ्यांना भर. माझ्याकडून." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. गडी हसला म्हणजे गड्याला लागलं नाही, असं आमच्या दुकानात धरून चालतात. क्लायटसने आपला ग्लास रिकामा केला आणि घरी गेला.

कॅप्टन एल्डनने ताटली अर्धी टाकली होती. दारात त्याने ऑस्विनला थांबवलं आणि विचारलं, हे तुम्ही दोघांनी ठरवून केलेलं सोंग होतं की खरंच? मी फळीवरून शब्द न् शब्द ऐकला. ऑस्विनने एक डोळा मिचकावून "ठरवून" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. एल्डनला तेच ऐकायचं होतं, त्याच्या आवाजातच ते होतं. पण ऑस्विन जिंकला होता, आणि जिंकलेल्याला आपला विजय वाटून घ्यायचा नसतो. तो म्हणाला, "सोंग कसलं? ठार बहिरा आहे तो. मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी एल्डन क्लायटसकडे गेला. दुकानात आलेल्यांनी सांगितलं ते असं की तो फार आदराने बोलला. म्हणाला, क्लायटसदादा, यंदा तुम्ही आराम करा, शहरातून एक माणूस बोलावलाय. एरवी तो त्याला म्हाताऱ्या म्हणून हाक मारायचा, शिव्या द्यायचा. त्या दिवशी दादा म्हणाला आणि अहो-जाहो केलं. क्लायटसने हातोडी त्याच्या हातात दिली.

ऑस्विनने हे ऐकलं. पण माफी मागायची पद्धत नव्हती. त्याने वेगळा मार्ग काढला, त्याच्या दृष्टीने सरळ. क्लायटस पुन्हा दुकानात आला त्या दिवशी त्याने त्याच्या तोंडासमोर बसून, ओठ मोठे करून, जुनी कळ काढली. "तुझा डेल्मार भित्रा होता."

मी वाट पाहत होतो. सगळं दुकान वाट पाहत होतं. क्लायटस हसला, अगदी गोड हसला.

"बरोबर आहे तुझं, ऑस्विन."

लोकांना वाटलं, ही नवी थट्टा. पोट धरून हसले. ऑस्विनही हसला आणि म्हणाला, जुनी गाणी म्हणजे म्हाताऱ्यांचा खोकला. क्लायटस म्हणाला, बरोबर आहे तुझं. ऑस्विन म्हणाला, तुझ्या आईच्या हातच्या कालवणाला चव नव्हती. बरोबर आहे तुझं. यात चिडणं नव्हतं, रुसणं नव्हतं. तो रोज यायचा, ऑस्विनशेजारीच बसायचा, त्याला रम ओतून द्यायचा. कायद्यात कुठेच त्याला पकडता येत नव्हतं. इतरांशी तो पूर्वीसारखाच हुज्जत घालायचा, जमेल तेवढी. फक्त ऑस्विनचं सगळं बरोबर असायचं.

किती दिवस हसणार लोक? हळूहळू हसणं थांबलं. ऑस्विन वेडापिसा झाला. एका आठवड्यात तो म्हणायचा, डेल्मारची ती खेळी या बेटावरची सर्वांत शूर खेळी. दुसऱ्या आठवड्यात म्हणायचा, त्याला संघातूनच काढायला हवं होतं. दोन्हींना उत्तर तेच. तो दुसऱ्यांशी भांडून पाहायचा, पण अर्ध्यात कंटाळून उठायचा. नवा मुद्दा सुचला म्हणून टॅक्सी वळवून येणंही बंद झालं, कारण मुद्दे सुचतच नव्हते. मावशीने एकदा क्लायटसला बाजूला घेतलं आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, पुरे कर रे आता. क्लायटस तिला म्हणाला, मी काय केलं? मी तर त्याच्या बाजूने बोलतो.

मग ऑस्विनला साखरेच्या आजाराने गाठलं. आधी पायाचं बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. टॅक्सी गेली. कुबडी टेकत, उतार चढत तो दुकानात यायचा, घामाघूम व्हायचा आणि क्लायटससमोर बसायचा. एका दुपारी दुकानात फारसं कोणी नव्हतं. त्याने ग्लासला हात लावला नाही. क्लायटसची हनुवटी धरून त्याने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मी तुझं वाटोळं केलं. एल्डनने मला विचारलं होतं. मी एक खोटं बोललो असतो तर तुझी हातोडी राहिली असती. मी नाही बोललो. मी हलकट आहे, क्लायटस."

या दुकानात असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मावशी भांडं घासायची थांबली. ऑस्विन रडत होता. "शिवी दे," तो म्हणाला. "नाहीतर म्हण, तसं नाही. एकदा तरी उलटं बोल रे माझ्याशी."

क्लायटसने सगळं वाचलं होतं, पहिल्या शब्दापासून. त्याने ऑस्विनचा हात आपल्या हनुवटीवरून अलगद काढला आणि टेबलावर ठेवला. ग्लास संपवला. टोपी घातली.

"बरोबर आहे तुझं, ऑस्विन," तो म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

ऑस्विन पावसाळ्याच्या आत गेला. त्याला पुरून आल्यावर सगळे दुकानातच आले, कारण इथे तशीच रीत आहे. मेलेल्याला मनसोक्त नावं ठेवायची. जो चांगलं बोलेल त्याचं काहीतरी देणंघेणं होतं असं समजतात. एक म्हणाला, डॉमिनोत सोंगट्या लपवायचा. एक म्हणाला, त्याच्या टॅक्सीत बसण्यापेक्षा गाढव बरं. एल्डनसुद्धा आला होता, तोसुद्धा काहीतरी बोलला. मग सगळ्यांनी क्लायटसकडे पाहिलं. 

क्लायटस उठला. ऑस्विनचं स्टूल ओढून त्याने आपल्यासमोर ठेवलं, त्यावर ग्लास भरून ठेवला आणि स्वतः बसला.

"चूक," तो म्हणाला. "साफ चूक. डेल्मार भित्रा होता म्हणतोस? त्या दिवशी खेळपट्टीला भेगा होत्या, चेंडू छातीवर येत होता. तुझे ते जलद गोलंदाज त्याला मारत होते, आणि तो एकदाही मागे सरला नाही. बरगडी सुजली होती त्याची. तुला क्रिकेटमधलं काय कळतं, टॅक्सीवाल्या?"

आधी दुकान हसलं. कोणी टेबल बडवलं. क्लायटस पुढे बोलत राहिला. इतक्या वर्षांत ऑस्विनने जे जे म्हटलं होतं त्या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि अशी उत्तरं मी आयुष्यात ऐकली नव्हती. गाण्यांवर बोलला. आईच्या कालवणावर बोलला. ऑस्विनने डेल्मारला शूर म्हटलं होतं तेही त्याने खोडून काढलं. मधेच तो थांबायचा, स्टुलाकडे बघायचा, ऑस्विनला उलट बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ द्यायचा. मग मान हलवायचा आणि म्हणायचा, "नाही. चूक." एकेक करून लोक उठले, टोप्या घातल्या आणि गेले. मावशी रडत होती.

त्याला किती मजा येत होती ते मी पाहिलं. आणि समोरून आता कधीच उलट उत्तर येणार नाही हे त्याला कळलं, तेही पाहिलं, कारण एकदा तो असा थांबला की पुन्हा बोलायला त्याला जमेना. मग त्याने स्टुलावरचा ग्लास उचलून आपणच प्यायला.

आता माझं काय उरलंय? मी त्यानंतर फार दिवस गायलो नाही. एकेक दिवा विझत गेला. दुरुस्त करणारा म्हणाला, याचे सुटे भाग जगात कुठे मिळत नाहीत. मावशीने नवा, छोटा, चकचकीत रेडिओ आणला, त्यावर दिवसभर दणदणाट चालू असतो. ऑस्विनला आवडला असता. मला फळीवरून काढलं नाही, जागा अडत नाही म्हणून. क्लायटस अजून रोज दुपारी येतो. स्टूल ओढतो, ग्लास भरतो आणि सुरू होतो. गिऱ्हाइकांना सवय झालीय. नवीन कोणी आलं आणि हसायला लागलं तर मावशी त्याला दाराबाहेर काढते. मुद्दे तेच असतात, पण रोज एखादा तरी नवा असतो. तो रात्रभर जागून शोधत असावा. रोज तो जिंकतो, आणि जिंकला की स्टुलाच्या कडेला हात ठेवून बसून राहतो, बोटं पसरून, काही थरथर लागतेय का बघत.

मला आता ते बघवत नाही. भंगारवाला महिन्यातून एकदा गाडी घेऊन डोंगर चढतो. मावशी, पुढच्या खेपेला मला त्याच्या गाडीत टाक. तेवढं जमत नसेल तर निदान माझं तोंड भिंतीकडे करून ठेव.